डोंबिवलीची गोष्ट कोण सांगतो?

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर तरुण मुलामुलींची जी दाटी होते, तिचे महाराष्ट्राला आता नवल राहिलेले नाही. नवे कपडे, अंगाला उटण्याचा वास, गणेशमंदिराकडे जाणारी पावले आणि वाटेत भेटणारे मित्र (ज्यांना भेटावयाचे असते ते नेमके भेटतात, हा भाग वडीलधाऱ्यांनी कानाआड करावयाचा), असे ते चित्र आहे. चित्र खरे आहे आणि सुरेखही आहे. त्याबद्दल कुरकुर करण्याचा या लेखाचा हेतू नाही. परंतु या चित्राच्या मागे डोंबिवलीच्या वाढीची जी एक गोष्ट उभी केली जाते, तिच्याबद्दल मात्र दोन शब्द बोलले पाहिजेत. कारण गावाची गोष्ट ही नुसती करमणूक नसते. गावात कोणाचा हक्क किती, कोणी कोणाला ‘तुम्ही केव्हा आलात?’ असे विचारावयाचे, हे त्या गोष्टीवरून ठरत असते.

ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. शाळांच्या, पतपेढ्यांच्या, मंडळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळाव्या. सर्वांचे पहिले पान जवळजवळ सारखेच असते. पूर्वी येथे काहीच नव्हते. भातखाचरे होती, चिखल होता, संध्याकाळनंतर कोल्हे ओरडत. मग मुंबईत नोकरी करणारी काही सुशिक्षित कुटुंबे येथे येऊन राहिली. त्यांनी १९२४ साली गणेशमंदिर उभारले, शाळा काढल्या, वाचनालये काढली, व्याख्यानमाला सुरू केल्या, आणि त्यांच्या पुण्याईने डोंबिवली ही सांस्कृतिक नगरी झाली. पुढे लोकसंख्या भरमसाट वाढली, रस्ते खचले, गाड्या तुंबल्या. पण संस्कृती टिकली. इतकी की, १९९९ पासून गुढीपाडव्याला नववर्षाच्या स्वागतयात्रा काढण्याची जी प्रथा महाराष्ट्रभर पसरली, तिचेही माहेर हेच गाव.

यातील एकही वाक्य उघडउघड खोटे नाही. तरीही ही गोष्ट इतिहास म्हणून उभी राहत नाही, आणि तिची लंगडी बाजू तिच्या पहिल्याच वाक्यात आहे. ‘पूर्वी येथे काहीच नव्हते’ हे वाक्य जो लिहितो, तो आपण येण्यापूर्वीचा काळ रिकामा धरतो. आत्मचरित्रात हे चालते, किंबहुना शोभते. गावाचा इतिहास म्हणून तेच आत्मचरित्र छापले, की भातखाचरे कोणाची होती, हा साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. खाचर आपोआप होत नाही. बांध कोणीतरी घातलेला असतो आणि दरवर्षी नीट केलेला असतो.

आगगाडीचीच गोष्ट पाहा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणपर्यंत आली. म्हणजे डोंबिवलीच्या शिवारातून रूळ गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, चाकरमान्यांची पहिली बिऱ्हाडे येण्याच्या कितीतरी आधी. त्या रुळांसाठी जमीन गेली ती आयरे, पाथर्ली, चोळे अशा गावांच्या आसमंतातली. १९१६ साली पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाला आणि ठाणे व दिवा ही स्थानके सरळ रेषेत आली. पुढे विजेच्या गाड्यांचा काळ आला. मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावली ती १९२५ साली. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली तेव्हा विजेच्या तारा घाट चढून पुण्यास पोहोचल्या होत्या. त्या तारांना लागणारी वीज कोठून आली, हे डोंबिवलीकरांपैकी किती जण सांगू शकतील? ती आली त्यांच्याच उंबऱ्यातून. ठाकुर्लीजवळ चोळे येथे, खाडीच्या काठी, रेल्वेने कोळशावरचे स्वतःचे वीजकेंद्र उभारले होते आणि १९८० च्या दशकात बंद पडेपर्यंत ते चालले. त्याच्या आश्रयाने कामगार राहिले, रेल्वेच्या चाळी झाल्या. बावनचाळ हे नाव अजून पत्त्यांत आहे. स्मरणिकेत मात्र भट्टीपुढे कोळसा ओढणारा माणूस येत नाही. तिच्यात येतो तो त्या विजेवर चालणाऱ्या गाडीने कचेरीत जाणारा.

आता तो कचेरीत जाणारा माणूस येथे का आला, हे पाहू. गोष्ट सांगणारे याचे उत्तर मोठ्या भावनेने देतात. मोकळी हवा, शांत गाव, आपली माणसे. हवा मोकळी होती हे खरेच. पण हवेसाठी कोणी रोज ४८ किलोमीटर जाऊन पुन्हा ४८ किलोमीटर परत येत नाही. खरे कारण कायद्याच्या पुस्तकात आहे. १९४७ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. भाडेकरूंना संरक्षण देण्याचा त्याचा हेतू चांगला होता, आणि ज्यांच्या हाती खोली होती त्यांचे त्याने कल्याणही केले. परंतु भाडे गोठले, तेव्हा भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. नव्या चाळी उठणे थांबले. जुन्या खोल्यांना पागडीचे मोल आले. गिरगावातल्या दोन खोल्यांत चार भाऊ वाढले. त्यांतल्या थोरल्याचे लग्न झाले तेव्हा पडदा लावून भागले, दुसऱ्याच्या वेळी गॅलरीला फळ्या ठोकल्या, तिसऱ्याच्या वेळी मात्र कोणीतरी बाहेर पडणे भाग होते. तो तिसरा भाऊ म्हणजे डोंबिवलीचा संस्थापक. त्याचे नाव कोणत्याही पाटीवर नाही, आणि असण्याचे कारणही नाही. तो काही ध्येयवाद घेऊन आलेला नव्हता, त्याला परवडेल अशी जागा हवी होती.

पागडी त्याच्या आवाक्याबाहेरची होती. रेल्वेचा मासिक पास आवाक्यातला होता. या दोन रकमांमधल्या फरकावर डोंबिवली उभी राहिली असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्यात १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आला आणि १९६३ साली मालकीच्या सदनिकांसंबंधीचा कायदा झाला. पगारदार माणसाला, भाडेकरू न राहता, आपल्या नावाचा एक तुकडा विकत घेण्याची वाट मिळाली. ‘ओनरशिपचा ब्लॉक’ हा शब्दप्रयोग आपल्या आयाबहिणींच्या तोंडी किती अभिमानाने येई, हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारावे. दागिने मोडून घेतलेली ती जागा होती. तिच्यात संसार सुटसुटीत झाला, आणि सासूचा पलंग व सुनेची चूल यांत पहिल्यांदा एक भिंत आली. ही भिंत म्हणजे मराठी कुटुंबजीवनातली एक क्रांतीच होय. सांस्कृतिक नगरीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिच्यावर एक पान खर्च केले असते तर स्मरणिका पुष्कळ वाचनीय झाल्या असत्या. पुढे, १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो मिटला असे कधी झालेच नाही. लालबाग-परळच्या कुटुंबांनाही हीच वाट धरावी लागली. पण ते आले तेव्हा ‘मोकळी हवा’ संपलेली होती, म्हणून गोष्टीत त्यांचा उल्लेख ‘लोंढे’ या एका शब्दात आटोपला जातो. एकाच गाडीने आलेल्या दोन पिढ्यांपैकी एक ‘संस्थापक’ आणि दुसरी ‘लोंढा’, हा न्याय कोणता?

वाङ्मयाकडे वळले तर येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. मुंबईच्या चाळीला तिचा ‘बटाट्याची चाळ’ १९५८ सालीच मिळाला. झोपडपट्टीला १९६३ साली जयवंत दळवींचे ‘चक्र’ मिळाले, नाक्यावरच्या पोरांना १९६५ साली भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ मिळाला, खाडीकाठच्या वस्तीला १९६९ साली मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ मिळाली. आणि याच वर्षांत ज्या गावी मराठी मध्यमवर्ग गाड्या भरभरून राहावयास चालला होता, त्या गावाची म्हणून अशी एखादी सर्वतोमुखी झालेली कादंबरी सांगा पाहू! लेखक नव्हते असे नाही. नवकथेच्या अग्रणींपैकी एक, पु. भा. भावे, डोंबिवलीचे रहिवासी होते. शं. ना. नवरे तर २०१३ साली निधन होईपर्यंत डोंबिवलीकरच राहिले. ‘शन्ना’ आणि डोंबिवली ही नावे लोक एका श्वासात घेत. पण भाव्यांची प्रतिभा धगधगत्या विषयांची. त्यांना आपल्या गल्लीतला नळ दिसला तरी तो लिहिण्याजोगा वाटला नसता. शन्नांचे उलट. त्यांना नळ, गच्ची, शेजारीण, कोपऱ्यावरचा मित्र, सगळे दिसत होते, आणि त्या सगळ्यांवर त्यांचा जीव होता. त्यांच्या लेखनाने उपनगरातल्या साध्या माणसाला आपण लिहिण्याजोगे आहोत असा दिलासा दिला, हे मोठेच काम झाले. परंतु शन्नांचा स्वभाव माणसांत रमण्याचा होता, माणसे ज्या जमिनीवर राहतात तिची चौकशी करण्याचा नव्हे. त्यांच्या डोंबिवलीत कोणी वाईट नसते. वाचताना बरे वाटते. पुस्तक मिटल्यावर मात्र प्रश्न पडतो की, या इमारती ज्याच्या शेतात उभ्या राहिल्या, तो या गप्पांत कधीच का येत नाही?

मग २००५ साली ‘डोंबिवली फास्ट’ आला. निशिकांत कामत यांच्या या चित्रपटाने या गावाचे नाव देशभर नेले, त्याला राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. संदीप कुलकर्णींनी उभा केलेला माधव आपटे विसरणे कठीण आहे. रोजची तीच सकाळ, तोच डबा, तीच गाडी, आणि एके दिवशी त्या माणसाच्या आत काहीतरी तुटते. चित्रपट म्हणून त्याची ताकद मी मान्य करतो. पण नावात डोंबिवली असूनही त्यात डोंबिवली कितीशी आहे? आपट्यांची डोंबिवली म्हणजे एक घर आणि एक फलाट. त्यांचा संताप फुटतो तो मुंबईच्या रस्त्यांवर. ज्या गावात हा माणूस राहतो, त्या गावाच्या वाढीत त्याचाही काही वाटा आहे, हे चित्रपटाच्या ध्यानीमनी नाही. डोंबिवलीकर हा केवळ सोसणारा, हे स्मरणिकेतलेच सूत्र येथे रागावून पुन्हा मांडलेले आहे. गंमत अशी की, २०२२ साली ‘झोंबिवली’ नावाचा जो भुताखेतांचा चित्रपट आला, त्याला काही समीक्षकांनी हसण्यावारी नेले. पण टोलेजंग इमारत, तिच्या पायथ्याची झोपडवस्ती आणि दोघींच्या मधले पाणी ही तीन पात्रे त्याने एका चौकटीत आणली. गंभीर वाङ्मयाला जे सुचले नाही ते मुडद्यांना सुचले!

पूर्वेकडे औद्योगिक वसाहत आली ती १९६० च्या दशकात. राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या वसाहतींत डोंबिवलीची गणना होते. रंग, रसायने, कापडप्रक्रिया, यंत्रसामग्री असे नाना धंदे तेथे उभे राहिले. हजारोंना काम मिळाले. फलाटावर न जाता चालत किंवा सायकलीवरून कामाला जाणारा डोंबिवलीकर प्रथमच निर्माण झाला. त्याच्या रात्रपाळीची कथा कोणी लिहिली आहे काय? महामंडळाने कारखान्यांच्या शेजारीच निवासी विभागही आखला, आणि भोवती खासगी इमारतींची गर्दी होत गेली. २०१४ साली येथे हिरवा पाऊस पडला, २०२० साली एक रस्ता गुलाबी झाला; वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली. २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटाने दूरदूरच्या काचा फोडल्या आणि माणसे मारली. २३ मे २०२४ रोजी तसेच पुन्हा घडले.

प्रत्येक स्फोटानंतर जो वाद होतो, तो आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. रहिवासी म्हणतात, कारखाने हलवा. कारखानदार म्हणतात, आम्ही आधी आलो, तुम्ही नंतर आमच्या कुंपणाला खेटून घरे घेतलीत. म्हणजे ‘आधी कोण आले?’ हा जो प्रश्न स्मरणिकांच्या पहिल्या पानावर इतक्या सहज सुटलेला असतो, तोच येथे माणसांच्या जिवाशी येऊन भिडतो. आणि या भांडणात ज्यांना खरोखर ‘आम्ही आधी’ म्हणण्याचा अधिकार आहे, ते तिसरेच लोक आहेत. त्यांची भातशेते या वसाहतीखाली गेली. सोनारपाडा, सागाव, मानपाडा ही नावे रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत, पण ती गावांची नावे आहेत हे आठवण्यासाठी मुद्दाम थांबावे लागते.

हे लोक मुख्यतः आगरी. मिठागरे आणि भातशेती हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांची बोली वेगळी, लग्नातली गाणी वेगळी, देवीच्या जत्रा वेगळ्या. नव्या वस्तीशी त्यांचा संबंध आला तो प्रथम जमीन विकणारे म्हणून, दूध-भाजी घालणारे म्हणून, मग चाळी बांधणारे म्हणून, आणि पुढे नगरसेवक म्हणून. नव्या वस्तीने त्यांच्याकडून जमीन घेतली आणि बोलीचे हसे केले. विनोदी नाटकांत आगरी उच्चार ऐकू आले की प्रेक्षागृह खदखदते, ते आजतागायत. जमिनीच्या बाबतीत या लोकांची स्मरणशक्ती मात्र आपल्यापेक्षा लांब आहे. मलंगगडाच्या वाटेवरील नेवाळीची जमीन दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्टीसाठी घेतली गेली. युद्ध संपले, सरकार बदलले, जमीन परत मिळाली नाही. जून २०१७ मध्ये तेथील शेतकऱ्यांच्या आंदोलनाचा भडका उडाला तेव्हा शहरातील सुशिक्षितांनी विचारले, हे अचानक कोठून आले? पाऊणशे वर्षे धुमसणाऱ्या गोष्टीला अचानक म्हणणे हा ‘पूर्वी येथे काहीच नव्हते’ या वाक्याचाच परिणाम होय.

महापालिकेचे प्रकरण असेच. कल्याण-डोंबिवली महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. भोवतीची २७ गावे तिच्यात होती. २००२ साली ती वगळली, २०१५ साली पुन्हा घेतली. आत-बाहेर करणाऱ्या त्या गावांत मधल्या वर्षांत इमारती कोणाच्या परवानगीने उठल्या आणि कोणाच्या डोळ्यांदेखत उठल्या, हा डोंबिवलीच्या इतिहासातला अत्यंत महत्त्वाचा अध्याय आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत साडेबारा लाखांच्या आसपास माणसे मोजली गेली. ती सगळी काही व्याख्यानमाला ऐकावयास आलेली नव्हती. बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला, तेव्हा ज्यांनी कर्ज काढून घर घेतले ते त्या ‘तिसऱ्या भावा’चे नातू-पणतूच म्हणावयाचे. आजोबांना कायद्याने घर मिळाले, नातवाला कागदाने फसवले. आणि ज्या गाडीच्या भरवशावर हे सारे उभे, त्या गाडीच्या दारातून ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर प्रवासी खाली पडले आणि मेले. ठाणे व दिवा यांच्यामधली पाचवी-सहावी मार्गिका पुरी होण्यास २०२२ साल उजाडले होते. एवढ्या विलंबाने आलेली सोय गर्दीला पुरी पडत नाही हे सांगावयास तज्ज्ञ नको, सकाळी आठचा फलाट पुरे.

अशा वेळी ‘पण आमचे गाव सुसंस्कृत आहे’ हे वाक्य कोणाच्या उपयोगी पडते? ते खचलेल्या रस्त्यावर घातलेल्या रांगोळीसारखे आहे. रांगोळी सुंदर असते, हे मी सर्वांआधी कबूल करीन. व्याख्यानमाला, वाचनालये, संगीतसभा यांनी या गावाला जे दिले ते लहान नाही. एका खोलीच्या घरात वाढलेल्या मुलाला अभ्यासिकेत टेबल मिळाले, ही गोष्ट आयुष्ये बदलणारी असते. माझा आक्षेप संस्कृतीला नाही. ती केवळ आगगाडीने आली, या समजुतीला आहे.

आणि ही समजूत किती पोकळ आहे, हे सिद्ध करणारी घटना डोंबिवलीतच, सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले. अक्षयकुमार काळे अध्यक्ष होते. इतक्या ग्रंथप्रेमी, भाषणप्रेमी गावात संमेलन भरण्यास नव्वदाव्या संमेलनाची पाळी यावी, हेच आधी नवल. पण त्याहून मोठे नवल असे की, ते निमंत्रित केले आगरी यूथ फोरम या संस्थेने. जिच्या आगरी महोत्सवाला ‘जत्रा’ म्हणून नाके मुरडली जात, त्या संस्थेने सारस्वतांना घरी बोलावले, मांडव घातला, पाहुणचार केला. त्या दिवसांत व्यवस्थेवर, भोजनावर, गर्दीवर पुष्कळ लिहिले गेले. यजमान कोण आहे, आणि ज्या गावाला आपण ‘आपण वसवलेले’ म्हणतो त्या गावात यजमानपदाचा मान त्याच्याकडे असावा हे किती यथायोग्य आहे, यावर फारच थोडे. संमेलनाच्या नगरीला पु. भा. भावे यांचे नाव दिले होते. ती नगरी ज्या मैदानावर उभी होती, त्या क्रीडासंकुलाला नाव आहे सावळाराम महाराज म्हात्रे या आगरी समाजातल्या वारकरी कीर्तनकाराचे.